साखर नॉर्मल आहे, मग शुगरची गोळी कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे. वय २३, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत बसून नोकरी. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, एकदा चार महिने आली नव्हती. हनुवटीवर जाड केस येतात, मान काळी पडली आहे. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत छोटे छोटे फुगे दिसले, पीसीओडी निघालं. पहिल्या डॉक्टरांनी २१ दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. सहा महिने पाळी वेळेवर आली, गोळ्या बंद केल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ‘ही तर शुगरची गोळी.’ उपाशीपोटीची साखर मात्र ९४. चार दिवस गोळी घेतली, जुलाब लागले, बंद केली. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण आधीपासूनच सोडलंय आणि सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास चालू आहेत. आई म्हणते, स्थळं येतायत, कुणाजवळ बोलू नकोस. तिचे प्रश्न: साखर नसताना शुगरची गोळी का? मूल होईल ना? मुलाकडच्यांना सांगायचं का? आणि चौदा वर्षांच्या धाकट्या बहिणीचीही सोनोग्राफी करून घ्यावी का?

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. आधी त्या गोळीचं बोलू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

तुझ्या रिपोर्टवरचा ९४ हा आकडा साखरेचा आहे. ती साखर ९४ वर ठेवण्यासाठी तुझ्या स्वादुपिंडाला किती इन्सुलिन सोडावं लागतंय, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. एखादीला थोड्या इन्सुलिनमध्ये ९४ येते, दुसरीला त्याच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन लागतं. दोघींचा कागद मात्र सारखाच दिसतो आणि दोघींना ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं जातं. पीसीओएस (पीसीओडी म्हणतात ते हेच) असलेल्या बऱ्याच बायकांची गोष्ट या दुसरीसारखी असते. साखर वाढलेली नसते, इन्सुलिन वाढलेलं असतं, आणि तेही वर्षानुवर्षं.

असं का होतं? जेवल्यावर रक्तात आलेली साखर आत घ्यायची, हा इन्सुलिनचा निरोप मुख्यतः स्नायू, चरबी आणि लिव्हर यांना असतो. घरातल्या एका माणसाला कमी ऐकू येत असलं की आपण आवाज चढवून बोलतो. त्याला कसंबसं ऐकू जातं, पण ज्याचे कान धड आहेत त्याला तो आवाज सोसवत नाही. तुझ्या स्नायूंना इन्सुलिनचा निरोप कमी ऐकू येतो, म्हणून स्वादुपिंड आवाज चढवतं. अंडाशयाचे कान मात्र धड आहेत. त्याला तो चढलेला आवाज पूर्ण ऐकू जातो.

अंडाशयात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी काम करतात. बाहेरच्या थरातल्या पेशी, त्यांना थीका पेशी म्हणतात, अँड्रोजन बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी त्याच अँड्रोजनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. म्हणजे ज्याला आपण ‘पुरुषी हार्मोन’ म्हणून घाबरतो, ते प्रत्येक बाईच्या अंडाशयात रोज बनतं, आणि ते बनलं नाही तर इस्ट्रोजेनही बनणार नाही. बिघाड प्रमाणाचा आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन सोडून बाहेरच्या पेशींना कामाला लावते, आणि पीसीओएसमध्ये एलएच बऱ्याचदा आधीच जास्त असतं. त्यात इन्सुलिनची भर पडली की या पेशी गरजेपेक्षा खूप जास्त अँड्रोजन बनवतात.

दुसरीकडे लिव्हरमध्ये एसएचबीजी नावाचं एक प्रथिन तयार होतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजन, ते धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. इन्सुलिन वाढलं की लिव्हर हे प्रथिन कमी बनवतं. त्यामुळे अँड्रोजन मुळात जास्त, आणि त्यातलं मोकळं सुटलेलंही जास्त. तुझ्या हनुवटीवरचे केस या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनमुळे येतात. अंडाशयात दर महिन्याला वाढायला लागलेली बीजं त्याच वातावरणात अर्धवट वाढून थांबतात. एकही पुरतं वाढून फुटत नाही, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसले ते ‘फुगे’ म्हणजे ही थांबलेली छोटी बीजकोषं, साधारण २ ते ९ मिलिमीटरची. त्या गाठी नाहीत, त्या कापून काढायच्या नसतात, आणि त्यातून कॅन्सरही होत नाही. तू पत्रात ‘गाठी’ असं लिहिलंस, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तेव्हा मेटफॉर्मिन तुला साखर उतरवायला दिलेली नाही. ती लिव्हरमधून साखर सुटण्याचं प्रमाण कमी करते, इन्सुलिनचं काम सोपं करते, आणि मग स्वादुपिंडाला आवाज चढवावा लागत नाही. मेडिकलवाला खोटं बोलला नाही. ही गोळी मधुमेहाचीच आहे. पण तिचं इथलं काम वेगळं आहे, आणि ते तुला दोन वाक्यांत समजावून सांगायला हवं होतं. ओपीडीत बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात हे मला माहीत आहे. तरीही ती दोन वाक्यं राहता कामा नयेत, कारण ती राहिली की मुली गोळ्या सोडून देतात.

इन्सुलिन आणि अंडाशय यांचं हे नातं कळायला डॉक्टरांनाही फार वेळ लागला. १९२१ मध्ये पॅरिसच्या अशार आणि तिएर यांनी दाढी येणाऱ्या बायकांमधल्या मधुमेहावर लिहिलं होतं, पण ते बाजूलाच पडलं. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी पाळी न येणाऱ्या सात बायकांचं वर्णन केलं. त्यांची अंडाशयं मोठी होती, आणि त्यांचा थोडा भाग कापून काढल्यावर पाळी सुरू झाली. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष अंडाशयावर खिळलं ते अनेक दशकं. वाढलेलं अँड्रोजन आणि वाढलेलं इन्सुलिन हातात हात घालून चालतात, हे १९८० च्या एका अभ्यासात दिसलं. मग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अँड्रिया डुनाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पीसीओएसमधल्या जाड नसलेल्या बायकांमध्येही इन्सुलिनचं काम अडलेलं असतं, म्हणजे सगळा दोष वजनाचा नाही.

हे शेवटचं तुझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. ‘मी काही इतकी जाड नाही, तरी सगळे वजन कमी कर म्हणतात,’ असं तू लिहिलंयस. तुझ्या उंची-वजनाचा बीएमआय साधारण साडेचोवीस येतो. युरोपातल्या तक्त्यात तो नॉर्मलमध्ये बसतो, पण आपल्याकडे २३ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. याचं कारण आपल्या पुण्यातल्या कामातून जगाला कळलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचा तो शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपली शरीरं अंगानं बारीक असली तरी आत, विशेषतः पोटात, चरबी जास्त बाळगतात, आणि पोटातली चरबी इन्सुलिनच्या कामात खोडा घालते. त्यामुळे काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेव. श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घे. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तू सलवारीचं माप ३३ इंच लिहिलंस, म्हणजे ८४ च्या आसपास. घाबरून जावं इतकं ते नाही, पण दुर्लक्ष करावं इतकं कमीही नाही.

आता तुझी मान. आई दर रविवारी बेसन-लिंबू लावून घासते आणि तरी काळेपणा जात नाही, असं लिहिलंस. आईला सांग, तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत, कधी जांघेत अशी मऊ, थोडी जाडसर, काळपट कातडी दिसते, हात फिरवला तर मखमलीसारखी लागते. रक्तातलं जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं, म्हणून ती तशी होते. घासून ती आणखी जाड आणि काळी होईल, आणि लिंबानं आग होईल ती वेगळीच. इन्सुलिन खाली आलं की ती हळूहळू, काही महिन्यांत, फिकी पडायला लागते. तुझी साखर ९४ आली तरी तुझ्या दुसऱ्या डॉक्टरांना इन्सुलिनचा संशय आला, तो बहुतेक तुझी मान पाहूनच. चांगल्या नजरेचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे परत जा.

पहिल्या डॉक्टरांवरही राग धरू नकोस. २१ दिवसांच्या गोळ्यांनी एलएच दबतं, लिव्हरमधलं एसएचबीजी वाढतं, केस आणि मुरमं आटोक्यात येतात. गोळ्यांवर येणारी पाळी ही बीज फुटून आलेली नसते, गोळ्या थांबल्यावर गर्भाशयाचं अस्तर गळून आलेली असते. त्यामुळे गोळ्या बंद केल्या की मूळ परिस्थिती परत दिसते. याचा अर्थ त्या वाया गेल्या असा नाही. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि त्याच्याविना गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्या अस्तरात बिघाड होऊ शकतो, पुढे कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणून तीन महिने, म्हणजे ९० दिवस, पाळी आली नाही तर ‘येईल कधीतरी’ म्हणून बसायचं नाही. आधी गरोदर नसल्याची खात्री करून डॉक्टर काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात आणि पाळी आणतात. एवढं तू कटाक्षानं पाळ. २१ दिवसांच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या झाल्या, तर डोळ्यांपुढे झगमगाट होऊन उठणारी अर्धशिशी, रक्तदाब, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल तर ते, हे सगळं डॉक्टरांना आधी सांग.

तपासण्यांचं बोलू. उपाशीपोटीची साखर एकटी पुरत नाही. तुला ग्लुकोज पिऊन करायची तपासणी हवी. लॅबवाले ‘फास्टिंग-पीपी’ म्हणून सकाळी एक सुई टोचतात आणि ‘जेवून या’ म्हणतात, ती ही नव्हे. रात्री नेहमीसारखं जेवायचं, मग आठ-दहा तास काही खायचं नाही. सकाळी एकदा रक्त द्यायचं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात ढवळून पाचेक मिनिटांत प्यायचं. फार गोड लागतं, मळमळतं, लिंबू पिळून चालेल का ते लॅबमध्ये विचार. पुढचे दोन तास तिथेच बसायचं, फिरायचं नाही, चहा नाही, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. तो आकडा १४० च्या आत असला तर उत्तम. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी ९४ असलेल्या मुलींचा हा दुसरा आकडा कधी कधी १६० निघतो. ही तपासणी दर एक ते तीन वर्षांनी परत करायची.

तुझ्या पत्रात ‘फास्टिंग इन्सुलिन करू का’ असाही प्रश्न आहे. पॅकेजमध्ये हल्ली ती तपासणी घालतातच. मी सहसा करायला सांगत नाही. आकडा लॅबप्रमाणे बदलतो, त्यावरून उपचार ठरत नाहीत, आणि तुझी मान ते आधीच सांगतेय. त्यापेक्षा ते पैसे थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन यांना लाव. पाळी लांबण्याची आणि केस येण्याची दुसरी कारणं त्यांतून वगळता येतात. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही एकदा बघून ठेव.

मेटफॉर्मिन परत सुरू करायची असेल तर डॉक्टरांना सरळ सांग, ‘जुलाब झाले म्हणून मी बंद केली.’ त्यात लाजण्यासारखं काही नाही, अनेकींना होतात. तू पहिल्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ घेतलीस, आणि रात्रीचं जेवण बंद असल्यामुळे संध्याकाळची तर रिकाम्या पोटी. पोट बिघडणारच. ही गोळी जेवता-जेवता किंवा जेवण झाल्या-झाल्या घ्यायची. बहुतेक डॉक्टर ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांच्या अंतरानं डोस वाढवतात. सावकाश विरघळणारी गोळीही मिळते, ती पोटाला सोसते. पहिले दोन-तीन आठवडे काढलेस तर त्रास बहुधा थांबतो. वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, तेव्हा अधूनमधून बी१२ तपासायचं. पीसीओएससाठी म्हणून इनॉसिटॉलच्या पावडरी हल्ली सर्रास खपतात. अपाय फारसा नाही, पण फायद्याचा पुरावा अजून तोकडा आहे. पगारातून महिन्याला ते पैसे काढताना ओढाताण होत असेल तर खुशाल सोडून दे.

आता जेवण. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझं चुकतंय ते इथे, आणि ते चांगल्या हेतूनं चुकतंय.

तू लिहिलेला दिवस असा: सकाळी चहा आणि दोन-चार बिस्किटं, नऊला पोहे, दुपारी डब्यात तीन चपात्या आणि बटाट्याची किंवा वांग्याची भाजी, चारला पतसंस्थेत चहा आणि भडंग, सातला पुन्हा चहा, आणि रात्री उपाशी. उपवासाला दोन वेळा साबुदाण्याची खिचडी. या सगळ्यात प्रथिन कुठे आहे? पोह्यांतल्या चार शेंगदाण्यांत. बाकी बिस्किट, पोहे, चपाती, भडंग, साबुदाणा, सगळं थोड्या वेळात साखर होऊन रक्तात येणारं, म्हणजे दिवसभर इन्सुलिन मागवणारं. साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, वर त्यात बटाटा. तू सोसतेस उपास, आणि इन्सुलिनला मात्र उसंत नाही. चहाचं गणित कर: तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम साखर नुसती चहातून. गूळ घातलास म्हणून यात फरक पडत नाही.

रात्रीचं जेवण परत सुरू कर. आठच्या सुमारास एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, कांदा-काकडी, ताक. पिठलं-भाकरी असेल तर पिठलं भाकरीपेक्षा जास्त घे. दुपारच्या तीन चपात्यांतली एक कमी करून डब्यात घट्ट वरण, उसळ किंवा पनीरचे तुकडे असू देत, अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. ताटात आधी भाजी-उसळ संपव, चपाती नंतर. एवढ्यानंसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. पोहे आवडतात तर खा, पण अर्धी वाटी कमी, आणि त्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी हात सैल सोडून घाल. भडंगाच्या जागी भाजलेले फुटाणे. चहा दोनदा, अर्ध्या चमच्यावर ये, महिनाभरात जीभ सरावते. तीनपैकी एक उपवास ठेव, तो श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा असं घे. भगर केलीस तर आमटीत बुडवून, नुसती नको.

पीसीओएससाठी एक विशिष्ट आहार आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आजवर कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. घरातलं, रोज जमणारं, आणि घरच्यांसोबत एका ताटलीत बसणारं जे असेल तेच टिकतं. वजनाचं म्हणशील तर तीन किलो उतरले तरी खूप झालं, तेवढ्यावर कित्येकींची पाळी जवळ यायला लागते. नाही उतरले आणि तू नीट खात-हलत राहिलीस, तरी इन्सुलिनवर परिणाम होतोच. काटा रोज बघू नकोस.

व्यायामाचं कारण नीट समजून घे, मग कंटाळा येणार नाही. स्नायू कामाला लागला की तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर थेट आत ओढून घेतो. हे दुसऱ्याच वाटेनं होतं, आणि ही वाट तुझ्यात शाबूत आहे. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललीस तरी फायदा होतो. दुपारी डबा खाल्ल्यावर खुर्चीत न बसता पतसंस्थेच्या जिन्यानं दोन-तीनदा वर-खाली कर. आठवड्याला एकूण १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं ध्येय ठेव. ‘गावात एकटीनं फिरायला गेलं की लोक विचारतात’ असं तू लिहिलंस, ते मला कळतं, मी ते उडवून लावणार नाही. मग गच्चीवर किंवा खोलीत कर: बैठका, भिंतीला हात टेकून जोर, सूर्यनमस्कार, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली. बैठका विशेष कर, कारण मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, साखर ओढतील तेही जास्त. सुरुवातीला दहा जमल्या तरी पुरे.

केसांचं थोडक्यात. थ्रेडिंगनं केस वाढत नाहीत, खुशाल कर. औषधांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण केसाचं आयुष्यच लांब असतं. तोवर ‘फरक नाही’ म्हणून औषध सोडू नकोस. लेझरचा विचार अँड्रोजन आटोक्यात आल्यावर करावा, नाहीतर केस परत उगवत राहतात. आणि ‘आरशात बघावंसं वाटत नाही, रडू येतं’ असं तू शेवटी ओझरतं लिहिलंस, ते मी ओझरतं वाचलेलं नाही. पीसीओएसमध्ये उदासी आणि घालमेल जास्त दिसते, ते तुझं नाटक नाही. पुढच्या भेटीत हेही डॉक्टरांना सांग. त्यावरही उपचार असतात.

मूल होईल का? बहुधा होईल. पीसीओएसमध्ये बीजं कमी नसतात, ती फुटत नाहीत, आणि न फुटणारं बीज फोडायला मदत करणं हे आमच्या शास्त्राला बऱ्यापैकी जमतं. अनेकींना औषधाशिवायच दिवस राहतात. ज्यांना मदत लागते त्यांना पहिलं औषध लेट्रोझोल. २०१४ मध्ये अमेरिकेत मूल होत नसलेल्या पीसीओएसच्या ७५० बायकांवर जुनं क्लोमिफेन आणि लेट्रोझोल यांची तुलना झाली. पाच पाळीचक्रांपर्यंत उपचार करून लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेनवाल्यांपैकी १९.१ टक्के. आकडे वाचून दचकू नकोस. या मुळात अडलेल्या बायका होत्या, फक्त पाच चक्रांचा हिशेब होता, आणि त्यापुढेही उपचार असतात. एक उलटी सूचनाही देते. पाळी अनियमित म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं समजू नकोस. इन्सुलिन सुधारलं की बीज न सांगता फुटायला लागतं. लग्नानंतर लगेच मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरावंच लागेल. मूल हवं तेव्हा आधी वर सांगितलेली ग्लुकोजची तपासणी करून घे, कारण गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यता तुला इतरांपेक्षा जास्त आहे.

मुलाकडच्यांना सांगायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात चार काकवांसमोर हे मांडायची काही गरज नाही. पण बोलणी पुढे सरकली, मुलगा पसंत पडला, तर सुपारी फुटायच्या आधी तू स्वतः, त्याला एकट्याला, सांग. आईनं मध्यस्थामार्फत नको. ‘मला पीसीओएस आहे, पाळी अनियमित असते, उपचार चालू आहेत, मूल होण्यात बहुधा अडचण येणार नाही, आली तर औषध घ्यावं लागेल.’ एवढी चार वाक्यं. आई लपव म्हणते ती तुझ्या काळजीपोटी, हे मला दिसतं. पण तुला पुढची कितीतरी वर्षं व्यायाम करायचाय, ताटात उसळ वाढून घ्यायचीय, कदाचित रोज गोळी घ्यायचीय. ते सासरी पदराआड करता येत नाही. लपवलेली गोळी आधी चुकते आणि मग बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हा त्रास आहे. म्हणजे तुझ्या वर्गात, तुझ्या गल्लीत, कदाचित त्या मुलाच्या घरातही कुणाला तरी असेल. ऐकून जो मुलगा पाठ फिरवेल, तो लग्नाआधी फिरवतोय हे बरंच.

राहिली धाकटी. पाळी सुरू होऊन तिला दोनच वर्षं झालीत. तिची सोनोग्राफी करू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरतच नाहीत, कारण त्या वयात बऱ्याच धडधाकट मुलींच्या अंडाशयात तसंच चित्र दिसतं, आणि मग चौदाव्या वर्षी नसलेल्या आजाराचा शिक्का बसतो. सख्ख्या बहिणीला असल्यामुळे तिला शक्यता थोडी जास्त आहे हे खरं, पण आत्ता तिची पाळी कॅलेंडरवर लिहून ठेवा एवढंच पुरे. तिची पाळी सारखी ४५ दिवसांपेक्षा लांबत असेल, किंवा एकदा जरी ९० दिवसांवर गेली, किंवा तिच्या मानेवर तुझ्यासारखा काळेपणा दिसला, तर तिला तुझ्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. तोवर संध्याकाळी गच्चीवर बैठका काढताना तिलाही सोबत घे.